अलाबामाच्या काळ्या मातींत

अमेरिकेचा प्रवास करून आलेल्या मराठी मंडळींचीं वर्णनें वाचलीं तर त्यांत न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती, नायगाराचा धबधबा आणि वॉशिंग्टनचीं स्मारकें हटकून भेटतात. दक्षिणेकडील संस्थानांत मात्र कामाशिवाय सहसा कोणी जात नाहीं. आम्ही तिकडे गेलों तें एका प्रश्नाचा माग काढीत. आपल्या घरांतील पुष्कळ तरुण मंडळी आतां अमेरिकेंत स्थायिक झाल्यामुळें हा प्रश्न चहाच्या वेळीं माजघरांतही निघतो. गुलामगिरी मोडणाऱ्या लिंकनचा पक्ष रिपब्लिकन. ती राखूं पाहणाऱ्या दक्षिणी जमीनदारांचा पक्ष डेमोक्रॅटिक. तर मग आज दक्षिणेंतील गोरा मतदार बहुशः रिपब्लिकन आणि कृष्णवर्णी मतदार बहुशः डेमोक्रॅट, हें झालें कसें? कोणीं कोणास सोडलें?

अटलांटाहून मोटारीनें नैऋत्येस निघालें म्हणजे अडीच-तीन तासांत माँटगोमेरी शहर येतें. अलाबामा संस्थानची ही राजधानी. टेकाडावर पांढऱ्या घुमटाचें राजगृह आहे. त्याच्या पश्चिमेकडील पायऱ्या चढून ओसरीवर गेलें कीं फरशींत बसविलेली पितळेची एक चांदणी दिसते. १८ फेब्रुवारी १८६१ रोजीं जेफर्सन डेव्हिस यांनीं याच जागीं उभे राहून फुटीर दक्षिणी राष्ट्राच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली. याच जागेची आठवण अभिमानानें काढून १४ जानेवारी १९६३ रोजीं गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनीं गोऱ्या-काळ्यांची वेगळीक अखंड चालूं ठेवण्याची प्रतिज्ञा केली. डेव्हिस डेमोक्रॅट, वॉलेसही डेमोक्रॅट. चांदणीवर उभें राहून समोर पाहिलें तर उताराच्या रस्त्यावर, अगदीं हांकेच्या अंतरावर, लाल विटांचें एक लहानसें चर्च आहे. तेथें १९५४ पासून १९६० पर्यंत मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) हे धर्मोपदेशक होते. डिसेंबर १९५५ मध्यें रोझा पार्क्स यांना बसमधील जागा न सोडल्याबद्दल पकडण्यांत आलें. त्यानंतर शहरांतील कृष्णवर्णी लोकांनीं ३८१ दिवस बसवर जो बहिष्कार घातला, त्याची खलबतें या चर्चच्या तळघरांत झालीं. आणि या किंगांचे वडील, अटलांटाचे थोरले किंग, हे १९६० पर्यंत रिपब्लिकन! त्या वर्षीं ऑक्टोबरांत मुलगा जॉर्जियाच्या तुरुंगांत असतां डेमोक्रॅट उमेदवार केनेडी यांनीं सुनेस फोन करून विचारपूस केली. रिपब्लिकन उमेदवार निक्सन गप्प राहिले. तेव्हां थोरल्यांनीं आपलें मत केनेडींस देण्याचें जाहीर केलें. दोन पिढ्यांमधील हा उंबरठा आमच्या मनांत घर करून राहिला.

येथें एक गोष्ट सांगून ठेवणें बरें. अमेरिकेच्या निवडणुकीचे नकाशे वर्तमानपत्रांत छापून येतात, त्यांत रिपब्लिकन संस्थानें तांबडीं आणि डेमोक्रॅट संस्थानें निळीं दाखवितात. ही रंगाची वांटणी पक्की झाली ती २००० सालच्या निवडणुकीपासून. त्यापूर्वीं ज्याला जो रंग आवडे तो तो वापरी. हत्ती आणि गाढव हीं चित्रें जुनीं खरीं, पण तींही व्यंगचित्रकारांच्या लेखणींतून रूढ झालेलीं. सारांश, पाटी, चित्र, रंग यांवरून वाड्यांतील बिऱ्हाडें कोणतीं हें ओळखूं जाणें फसवें आहे.

माँटगोमेरीहून सेल्मा ५४ मैल. शहर मागें पडलें कीं जमीन सपाट व उघडी होते. हा मुलूख म्हणजे तिकडील 'ब्लॅक बेल्ट', काळा पट्टा. नांव प्रथम पडलें तें मातीवरून. फार पुरातन काळीं येथें समुद्र होता. त्याच्या तळाशीं सांचलेल्या खडूच्या थरावर ही चिकण काळी माती तयार झाली. आपली वऱ्हाड-खानदेशची काळी जमीन अग्निजन्य खडकाची, ही समुद्राच्या तळाची. कूळ निराळें, पण गुण एक: पावसांत पायाला चिकटते, उन्हांत भेगाळते, आणि कापसाला मानवते. कापसाला माणसें लागतात, म्हणून गुलाम आणले. १८६० च्या खानेसुमारींत अलाबामाच्या नऊ लाख चौसष्ट हजार वस्तीपैकीं चार लाख पस्तीस हजार गुलाम होते, आणि त्यांची दाटी याच पट्ट्यांत. पुढें 'काळा पट्टा' हें नांव मातीपेक्षां माणसांनाच अधिक लागूं झालें.

या कापसाचा धागा आपल्याकडेही येऊन पोंचलेला आहे. १८६१ मध्यें यादवी सुरू झाली व उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं, तेव्हां लँकेशायरच्या गिरण्यांनीं मुंबईकडे तोंड वळविलें. आपल्या कापसास कधीं नव्हे तो भाव आला, मुंबईंत शेअरांचा तो प्रसिद्ध सट्टा उसळला, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच कोसळला. ज्या घरांत त्या सट्ट्याच्या कथा पणजोबांपासून चालत आल्या आहेत, त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं तिचें दुसरें टोंक या शेतांत होतें. आतां तेथें कापूस फार थोडा. बोंडअळीनें विसाव्या शतकाच्या आरंभीं पीक खाल्लें. आज गुरांचीं कुरणें आणि मिशांचे मासे वाढविण्याचीं तळीं दिसतात.

सेल्मा हें गांव १९६० मध्यें अठ्ठावीस हजार वस्तीचें होतें. २०२० च्या खानेसुमारींत तें अठरा हजारांच्या आंत आलें आहे. जानेवारी २०२३ मधील वावटळीनें उडविलेलीं छपरें अद्यापि सर्वत्र नीट झालेलीं नाहींत. प्रवासी येतात ते अलाबामा नदीवरील पूल पाहावयास. आम्ही मात्र आधीं गांवच्या जुन्या दफनभूमींत गेलों. ओक वृक्षांच्या विस्तीर्ण फांद्या, त्यांवरून लोंबणारे करड्या शेवाळाचे झुबके, आणि खालीं शांतता.

येथें दोन माणसें पुरलेलीं आहेत. एक एडमंड पेटस. फुटीर सैन्याचा सेनानी आणि १८९७ पासून १९०७ मध्यें मरेपर्यंत डेमोक्रॅटिक पक्षाचा सीनेटर. गांवचा पूल १९४० सालीं बांधला त्यास याचेंच नांव दिलें. दुसरा बेंजामिन टर्नर. गुलाम म्हणून जन्मलेला, लहानपणीं सेल्मास आणलेला, गुलामींतच लिहावयावाचावयास शिकलेला हा गृहस्थ १८७१ मध्यें रिपब्लिकन प्रतिनिधि म्हणून वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्यें बसला. अलाबामाचा तो पहिला कृष्णवर्णी प्रतिनिधि. तेथें त्यानें काय मागितलें? कापसावर बसविलेला कर परत करा, आणि बंडांत सामील झालेल्या गोऱ्यांचे काढून घेतलेले राजकीय हक्क त्यांना परत द्या! ज्यांनीं त्यास गुलाम ठेवलें त्यांच्याच वतीनें ही रदबदली. त्याच्यामागून रेपियर व हॅरल्सन असे आणखी दोन कृष्णवर्णी रिपब्लिकन अलाबामाहून गेले. टर्नरची मुदत संपली त्याच १८७३ सालीं पुण्यास जोतीराव फुले यांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली, आणि ती त्यांनीं अमेरिकेंतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांस अर्पण केली. पुण्याहून पाहतां त्या वेळीं अमेरिकेंतील काम तडीस गेलेलें दिसणें अगदीं स्वाभाविक होतें.

परंतु पुढच्याच वर्षीं, नोव्हेंबर १८७४ मध्यें, दहशतीच्या जोरावर डेमोक्रॅटांनीं अलाबामाची सत्ता परत घेतली. युफौला गांवीं तर मत देण्यास आलेल्या कृष्णवर्णी लोकांवर गोळ्या झाडण्यांत आल्या. दहशतीचें काम पुढें कायद्यानें पुरें केलें. १९०१ मध्यें माँटगोमेरीस नवी राज्यघटना तयार झाली. तिचा हेतु गोऱ्यांचें वर्चस्व प्रस्थापित करण्याचा आहे असें त्या सभेच्या अध्यक्षांनींच उघड सांगितलें. मतदारास वाचतां आलें पाहिजे किंवा मालमत्ता पाहिजे, आणि वर्षाला दीड डॉलर डोईपट्टी भरली पाहिजे. पट्टी थकली तर थकबाकी सांचत जाणार. १९०० च्या सुमारास ज्या संस्थानांत एक लाख ऐंशी हजारांवर कृष्णवर्णी मतदार होते, तेथें १९०३ मध्यें तीन हजारही उरले नाहींत. डोईपट्टीच्या फटकाऱ्यांत हजारों गरीब गोरेही सांपडले. पण त्यांची कणव त्या सभेंतील बड्या जमीनदारांस नव्हती.

आमच्या मतें पक्षपालटाचें खरें बीज येथें आहे. लिंकनच्या पक्षास दक्षिणेंतील कृष्णवर्णी माणसाची आठवण होती, ती त्याच्या हातीं मत होतें तोंवर. मत गेल्यावर आठवणही पातळ झाली. दक्षिणेंतील उरलेल्यासुरलेल्या रिपब्लिकन मंडळांतूनच कित्येक ठिकाणीं गोऱ्या पुढाऱ्यांनीं कृष्णवर्णी सभासदांस बाहेर काढण्याचा उद्योग आरंभिला. पक्ष म्हणजे कांहीं देवघर नव्हे. जेथें मतें नाहींत तेथें तो दिवा लावीत नाहीं.

मत परत मिळालें तें गांव सोडल्यावर. १९१० ते १९७० या काळांत सुमारें साठ लाख कृष्णवर्णी लोक दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क अशा शहरांस गेले. तेथें गिरण्या-कारखान्यांत काम होतें, आणि निवडणुकीच्या दिवशीं कोणी अडवीत नसे. (त्याच डेट्रॉइटकडील मतदारसंघांतून २०२२ सालीं आमचे बेळगांवकडील श्री ठाणेदार डेमोक्रॅटिक पक्षातर्फे काँग्रेसवर निवडून आले, 'श्री' हें त्यांचें नांवच, आम्हीं लावलेली उपाधि नव्हे. असो.) शिकागोंत तर दोन अलाबामाकरांनींच हा सारा पालट जणूं करून दाखविला. ऑस्कर डी प्रीस्ट हा फ्लॉरेन्स गांवीं जन्मलेला. १९२८ मध्यें शिकागोच्या दक्षिण भागांतून निवडून आलेला, अर्थातच रिपब्लिकन. १९३४ मध्यें त्याचा पराभव केला आर्थर मिचेल यानें. हाही अलाबामांत जन्मलेला, कृष्णवर्णी, आणि पूर्वींचा रिपब्लिकन. पण आतां डेमोक्रॅट. काँग्रेसमध्यें बसलेला त्या पक्षाचा तो पहिलाच कृष्णवर्णी सभासद. मधल्या काळांत महामंदी येऊन गेली होती, आणि रूझवेल्ट यांच्या योजनांनीं, तुटपुंजीं कां होईना, पोटापुरतीं कामें दिलीं होतीं. १९३६ मध्यें उत्तरेंतील बहुसंख्य कृष्णवर्णी मतें रूझवेल्टांस पडलीं.

मात्र या वेळीं डेमोक्रॅटिक वाड्यांत कशीं बिऱ्हाडें एकत्र नांदत होतीं पाहा! पुढच्या सोप्यांत दक्षिणेचे गोरे सीनेटर, मागच्या परसाकडे शिकागोचे कृष्णवर्णी मजूर, मधल्या खोल्यांत आयरिश, इटालियन, ज्यू कामकरी. घरधन्यानें सोप्यावरील मंडळींस दुखविण्याचें शक्य तों टाळलें. जमावानें फांशीं देण्याच्या अघोरी प्रकाराविरुद्धचा कायदाही रूझवेल्ट यांनीं नेटानें पुढें रेटला नाहीं. असलें घर किती दिवस टिकणार?

त्याचा पहिला तडा बर्मिंगहॅम शहरीं गेला. ट्रूमन यांनीं नागरी हक्कांचा विषय हातीं घेतांच जुलै १९४८ मध्यें दक्षिणेचे रागावलेले डेमोक्रॅट तेथें जमले, आणि त्यांनीं स्ट्रॉम थर्मंड यांस निराळें उभें केलें. अलाबामाच्या मतपत्रिकेवर त्या वर्षीं ट्रूमन या विद्यमान राष्ट्राध्यक्षाचें नांवच नव्हतें! अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वीं, १८६० मध्यें, लिंकनलाही येथें मत देण्याची सोय नव्हती; या संस्थानची ती जुनी रीत दिसते.

सेल्माहून परततांना आम्ही लाऊन्डस काउंटींत थांबलों. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्याएवढा मुलूख. १९६५ च्या आरंभीं येथील वस्तींत शेंकडा ऐंशी कृष्णवर्णी, आणि मतदारांच्या यादींत कृष्णवर्णी नांव एकही नव्हतें. त्या वर्षीं ७ मार्च रोजीं सेल्माच्या पुलावर मतांचा हक्क मागणाऱ्या लोकांस पोलिसांनीं घोडे घालून व सोटे चालवून झोडपलें. दोन आठवड्यांनीं निघालेला मोर्चा याच रस्त्यानें चालत २५ मार्चला माँटगोमेरीच्या त्या राजगृहासमोर पोंचला. ६ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीं मतदान-हक्काच्या कायद्यावर सही केली. हें सर्व प्रसिद्ध आहे. त्यानंतरची गोष्ट तितकीशी प्रसिद्ध नाहीं. ज्यांनीं यादींत नांव घातलें त्यांना जमीनदारांनीं कुळवाडींतून हांकून दिलें. रस्त्याच्या कडेला तंबू ठोकून तीं कुटुंबें राहिलीं; आज त्या ठिकाणीं एक लहानसें संग्रहालय आहे.

आतां मत मिळालें, तर तें द्यावयाचें कोणास? अलाबामाच्या डेमोक्रॅटिक पक्षाचें मतपत्रिकेवरील चिन्ह होतें पांढरा कोंबडा, आणि त्यावर 'गोऱ्यांचें वर्चस्व' ही अक्षरें. नुकत्याच तंबूंत राहावयास गेलेल्या माणसानें या कोंबड्यावर खूण करावी? तेव्हां स्टोकली कार्मायकेल आदि तरुण कार्यकर्ते आणि जॉन ह्यूलेट यांच्यासारखे गांवकरी यांनीं मिळून स्वतःचा निराळा पक्ष काढला. निरक्षर मतदार पुष्कळ असल्यामुळें तेथील कायद्यानें पक्षास चिन्ह लागे. आपल्याकडे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत काँग्रेसला बैलजोडी लागली तसें. त्यांनीं काळा चित्ता घेतला. १९६६ मध्यें डेमोक्रॅटांनीं कोंबड्यावरचीं तीं अक्षरें पुसलीं. कोंबडा मात्र ठेवला. नोव्हेंबरांत चित्त्याचे उमेदवार पडले, पण १९७० मध्यें ह्यूलेट त्याच काउंटीचा शेरीफ निवडून आला. चित्ता तोंवर पुष्कळ लांब गेला होता. १९६६ मध्येंच कॅलिफोर्नियाच्या ओकलंड शहरांतील तरुणांनीं तो उचलला, आणि त्यांच्या 'ब्लॅक पँथर'वरून १९७२ मध्यें मुंबईंत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार प्रभृतींच्या 'दलित पँथर'नें नांव घेतलें. त्या नांवानें मुंबईच्या चाळींत आणि आपल्या साहित्यसभांत केवढी खळबळ उडाली, हें घरांतील वडील मंडळींस आठवत असेल. त्याचें मूळ या ओसाड हमरस्त्याच्या कडेच्या मतपत्रिकेवर आहे.

गोरे मतदार इतक्यांत कोठें चालले होते? १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यास काँग्रेसमध्यें रिपब्लिकन सभासदांचा पाठिंबा प्रमाणानें डेमोक्रॅटांहून अधिक होता; सीनेटर डर्कसन नसते तर तो कायदा अडला असता. पण त्याच वर्षीं रिपब्लिकनांनीं उमेदवारी दिली ती त्या कायद्याविरुद्ध मत देणाऱ्या गोल्डवॉटर यांस. ते देशभर सपशेल पडले. आपल्या ॲरिझोनाखेरीज त्यांना मिळालीं तीं दक्षिणेंतील पांच संस्थानें, त्यांत अलाबामा. उलट उत्तरेंतील व्हरमाँट, जें १८५६ पासून एकही राष्ट्राध्यक्षीय निवडणुकींत डेमोक्रॅटांस गेलें नव्हतें, तें त्या वर्षीं प्रथमच गेलें. थर्मंड १९६४ मध्येंच उघडपणें रिपब्लिकन झाले. तरी सगळें एका रात्रींत झालें असें मानूं नये. अलाबामानें १९७६ मध्यें शेजारच्या जॉर्जियाचे डेमोक्रॅट कार्टर यांस मतें दिलीं; यादवीनंतरच्या त्या पुनर्घटनेच्या काळापासून पहिला रिपब्लिकन गव्हर्नर निवडला तो १९८६ मध्यें; सीनेटर शेल्बी १९९४ च्या निवडणुकीच्या दुसऱ्याच दिवशीं पक्ष बदलून मोकळे झाले; आणि विधिमंडळ रिपब्लिकनांच्या हातीं गेलें २०१० सालीं, तब्बल १३६ वर्षांनीं. वॉलेस मात्र कोंबड्याखालींच राहिले, आणि १९८२ च्या आपल्या शेवटच्या विजयांत, पूर्वींच्या वर्तनाबद्दल पश्चात्ताप व्यक्त करून, पुष्कळ कृष्णवर्णी मतें घेऊन गेले. कृष्णवर्णी मतदारानें हें कसें केलें असेल याचा विचार करतांना आम्हांस टर्नरची ती रदबदली आठवली.

कांहीं पंडितांचें म्हणणें असें कीं, या पालटास वर्णापेक्षां कर, धर्म, शहरांभोवतालचीं नवीं सुखवस्तु उपनगरें हीं कारणें अधिक. तीं कारणें होतीं यांत संशय नाहीं. अलीकडे तर शिक्षण हाच मोठा दुभाजक ठरत असून पदवीधर गोरा डेमोक्रॅटांकडे आणि कामकरी गोरा रिपब्लिकनांकडे सरकला आहे. पण १९६४ चा नकाशा आणि त्या काळ्या मातीचा नकाशा एकावर एक ठेवून पाहिले म्हणजे आम्हांस तरी कर व उपनगरें आधीं दिसत नाहींत.

बर्मिंगहॅमच्या पुढें वायव्येस डोंगर लागतात. माती हलकी, शेतें लहान. येथील विन्स्टन काउंटींत कापूस नव्हता, म्हणून गुलामही जवळजवळ नव्हते. १८६१ मध्यें फुटीचा ठराव झाला तेव्हां विन्स्टनचा प्रतिनिधि, ख्रिस्तोफर शीट्स नांवाचा तरुण शाळामास्तर, यानें त्यावर सही करण्याचें नाकारलें. जमीनदारांच्या युद्धाशीं आमचा संबंध नाहीं, असें या डोंगरी लोकांचें म्हणणें. पुढें सारी दक्षिण डेमोक्रॅट असतां विन्स्टन बहुधा रिपब्लिकन राहिलें. शेजारीपाजारी त्यावरून त्यांस हिणवीत. आज सारी गोरी दक्षिण त्यांच्याकडे आलेली आहे, आणि २०२० मध्यें विन्स्टननें रिपब्लिकन उमेदवारास शेंकडा नव्वद मतें दिलीं. लाऊन्डसनें त्याच दिवशीं शेंकडा सत्तरांवर मतें डेमोक्रॅट उमेदवारास दिलीं. विन्स्टननें पक्ष मुळींच बदलला नाहीं. त्यांच्याभोंवतीं पक्षच बदलला.

डबल स्प्रिंग्ज हें त्या काउंटीचें ठाणें. कचेरीसमोर १९८७ मध्यें उभारलेला एका शिपायाचा पुतळा आहे. उजवी-डावी बाजू निरखून पाहिली तर अर्धा गणवेश उत्तरेच्या सैन्याचा, अर्धा दक्षिणेच्या. आम्ही गेलों तो रविवार होता. कचेरी बंद, रस्त्यावर वर्दळ नाहीं. चर्चमधून परतणारें एक कुटुंब पुतळ्याजवळ थांबलें, मुलांस चौथऱ्यापुढें उभें करून फोटो घेतला, आणि आमच्याकडे पाहून हंसून निघून गेलें.